काळ्या पाण्यावरचा राब

माझ्या वहिनीचं पहिलं बाळंतपण अंदमानात झालं आणि ते करायला कडावहून माझी आत्या गेली. सोबत मी. सत्तरच्या दशकाची ती शेवटची वर्षं. दादा बांधकाम खात्यात ओव्हरसियर होता आणि त्याची बदली पोर्ट ब्लेअरला झाली होती. रीतीप्रमाणे वहिनीनं बाळंतपणाला माहेरी, शिळफाट्याला यायचं. पण तिथल्या डॉक्टरांनी जहाजाचा प्रवास करायचा नाही म्हणून बजावलं. तिची आई तिकडे गेली असती, पण ती दुकानाच्या पायरीवरून घसरली आणि पाय प्लॅस्टरमध्ये गेला. आमच्या आईला दमा. मग जाणार कोण, यावर आमच्या ओटीवर चर्चा चालू असताना आत्या आतून म्हणाली, "मी जाते."

"अगं, काळं पाणी हाय ते," माझे वडील म्हणाले.

"काळं हाय का निळं, बघून येते."

आत्या वडिलांची धाकटी बहीण. लग्नानंतर दीड-दोन वर्षांतच नवरा तापानं गेला आणि ती माघारी आली, ती कायमची. आमच्या भागातल्या बऱ्याच घरांत विधवेचा पाट लावत, म्हणजे दुसरं लग्न करून देत. आमच्या घरात नाही. आमचे आजोबा स्वतःला चार बोटं वरचे समजत. त्यामुळे आत्या भावाच्या घरी राहिली, भात लावलं, कापलं, झोडलं आणि गावात जन्मलेलं जवळजवळ प्रत्येक मूल तिनं पायांवर घेऊन न्हाऊ घातलं. तिला स्वतःचं मूल नव्हतं.

तिचा एकच गुण सांगायचा तर ती विचारायची. कर्जतच्या बाजारात अनोळखी बाईला थांबवून ती सहज विचारी, "ही साडी कुठून घेतलीस गं? आनि डोळा का सुजलाय?" आम्ही लाजेनं अर्धे व्हायचो. पण त्या बायका तिला सांगायच्या, आणि बराच वेळ सांगत राहायच्या.

मी नुकतीच डी.एड.ची परीक्षा दिली होती आणि नोकरीची वाट बघत घरी होते. पाट्या वाचायला आणि इंग्रजी बोलायला कुणीतरी हवं म्हणून माझी निवड झाली.

मद्रासची गाडी आमच्या कर्जतलाच थांबायची, घाट चढायला मागून इंजिन जोडतात म्हणून. तेवढ्या वेळात सगळं घर आम्हाला चढवायला आलं. आत्याच्या सामानात डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशोपा आणि मऊ झालेल्या जुन्या लुगड्यांचं गाठोडं. मद्रासहून जहाज. आमच्या बर्थ अगदी खालच्या भागात होत्या, जिथे डिझेलचा आणि उलटीचा वास एकत्र येत असे. मी पहिल्या दिवसापासून आडवी. आत्याला काहीही झालं नाही. ती दोर धरून जहाजभर फिरायची आणि संध्याकाळी येऊन मला माहिती द्यायची. हा रांचीकडचा, जंगलतोडीच्या कामाला चाललाय. ती बंगाली बाई, तिला सरकारनं जमीन दिलीय. तो तामिळी पोऱ्या भावाच्या हॉटेलात राहणार हाय.

"ही सगळी आपल्या पायानं चाललीत गं," ती एकदा म्हणाली. "पैल्यांना साखळ्या घालून न्यायचे. त्यांना उलटी आली तर कशी काढत असतील?"

मला तेव्हा या प्रश्नाचं उत्तर नको होतं.

पोर्ट ब्लेअर म्हणजे उंचसखल टेकड्यांवर पसरलेली पत्र्याच्या छपरांची घरं आणि हवेत ताज्या कापलेल्या लाकडाचा वास. दादाचं क्वार्टर लाकडी, खांबांवर उचललेलं. मागच्या खिडकीतून समुद्र दिसायचा. आत्यानं आधी वहिनीच्या पोटावर हात ठेवून मूल कुठे आहे ते पाहिलं आणि मग ती उतारावरून थेट पाण्यापर्यंत गेली. गुडघ्यापर्यंत लुगडं खोचून उभी राहिली, ओंजळभर पाणी घेतलं, चाखलं आणि थुंकलं.

"मुंबैपेक्षा खारट हाय," ती म्हणाली. "पन निळं हाय. काळं कोन बोलला?"

पुढच्या रविवारी दादानं आम्हाला जेल दाखवायला नेलं. जेलच्या काही भुजा पाडून तिथे दवाखाना बांधला होता. वहिनीचं नाव त्याच दवाखान्यात घातलं होतं. ज्या भुजा उरल्या होत्या त्यांत एकापुढे एक कोठड्या, एकीचं तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे समोरचा कैदी कधी दिसूच नये. दादा हळू आवाजात क्रांतिकारकांबद्दल सांगत होता. कोलू कसा ओढायला लावत, फटके कुठे मारत. आत्यानं चपला बाहेर काढल्या होत्या. तिनं एका कोठडीच्या उंबऱ्यावर डोकं टेकवलं. मग उठली आणि तिथल्या रखवालदाराला विचारलं, "आनि जे देशापायी नव्हते आले ते कुठं राहायचे?"

रखवालदाराला मराठी कळली नाही. दादाला कळली. बाहेर आल्यावर तो तिला म्हणाला, "आत्या, असं इथे विचारू नकोस. इथली निम्मी जुनी घरं त्या कैद्यांचीच आहेत. जेल बांधण्याच्या कितीतरी आधीपासून आणत होते त्यांना. त्यांची मुलं-नातवंडं आता मास्तर आहेत, कारकून आहेत. माझे हेडक्लार्कसुद्धा. आपण त्यांच्यात राहतो. कुणाला वाईट वाटेल."

"बरं," आत्या म्हणाली. आठवडाभर तिनं शब्द पाळला, हे मी बघितलंय.

आमच्या क्वार्टरच्या खालच्या अंगाला एक बाई राहायची. चाळिशीच्या पुढची, उंच, केस घट्ट बांधलेली. नवरा सरकारी लाकूडगिरणीत. ती रोज दुपारी नारळ नाहीतर पपई घेऊन वहिनीला बघायला यायची. आत्याची बाजारातली हिंदी आणि तिची तिथली हिंदी यांचं पहिल्या दिवसापासून जमलं. एके दुपारी दोघी सूप पुढ्यात घेऊन तांदूळ निवडत होत्या. वहिनी कॉटवर पडली होती, मी खिडकीत. आणि आत्यानं विचारलं, "बाई, तुम्हारा मानूस इधर कायको आया? पैला मानूस?"

मी खिडकीबाहेर बघू लागले. वहिनीनं झोप लागल्यासारखे डोळे मिटून घेतले.

शेजारणीचे हात थांबले नाहीत. "परदादा ने ज़मीन के झगड़े में दो आदमी काटे थे," ती म्हणाली. आपले पणजोबा कुठल्या गाडीनं आले ते सांगावं इतक्या सहज. "अवध का था। और परदादी तुम्हारे बंबई तरफ़ की।"

"तिनं काय केलं?"

"वो चाचा को मालूम है। चाचा ने उसको देखा है।" मग तिनं मान वर करून आत्याकडे पाहिलं आणि हसली. "मेनलैंड का आदमी पूछता नहीं। बस देखता है।"

तेवढ्यात वहिनी डोळे उघडून म्हणाली की तिची कंबर फार दुखतेय, आणि ते ढोंग नव्हतं. त्या रात्री मुलगी झाली.

त्यानंतरचे बरेच दिवस आत्याला दुसरं काही सुचलं नाही. पाणी तापव, शेक दे, मुलीला पायांवर घे. शेजारीण रोज यायची आणि आत्याचं न्हाऊ घालणं दारात उभी राहून बघायची. मुलीचं नाक कसं ओढते, टाळूवर तेल कसं जिरवते, हे तिनं इतकं लक्ष देऊन कशासाठी बघावं, मला कळायचं नाही. एकदा ती म्हणाली, "हमारे घर में ये काम पड़ोस की औरत करती थी। हर बार।" आत्यानं का म्हणून विचारलं. तिनं फक्त खांदे उडवले. "रिवाज।"

पाऊस तोंडावर आला तेव्हा ती म्हणाली की चला, चाचाची शेती दाखवते. तिची मुलगी वहिनीजवळ बसली आणि आम्ही तिघी बसनं निघालो. शहर संपलं, सुपारीच्या बागा लागल्या, मग दोन टेकड्यांमध्ये सपाट भाताची खाचरं. आत्या खिडकीतून बांध बघत होती. बांध चांगले घातलेत, पण पाण्याची वाट चुकीच्या बाजूला काढलीय, असं तिनं जाहीर केलं. (ती चूक नव्हती. तिथे उतारच उलटा होता. चाचांनी नंतर तिला ते नेऊन दाखवलं आणि तिनं मान्य केलं.)

चाचा म्हातारे, काटक, बनियनवर. घरासमोर वेताच्या खुर्च्या टाकल्या होत्या. पण आत्या खुर्चीपर्यंत पोचलीच नाही. घराच्या बाजूच्या वरच्या खाचरात एक चौकोन काळा पडला होता. ती तिकडे वळली, वाकली, मूठभर माती उचलून बोटांत चुरली.

"हे भाजलंय," ती म्हणाली. "पाला, शेन, वर माती. राब हाय हा."

आमच्याकडे उन्हाळ्यात भाताच्या रोपासाठी अशीच जमीन भाजतात. झाडांचे टहाळे, शेण, गवत यांचे थर रचायचे, त्यावर माती लोटायची आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन पेटवायचं. त्या राखेत पेरलेलं रोप तरारून येतं आणि गवत कमी माजतं. आसपासच्या बाकीच्या शेतांत मला असा काळा तुकडा कुठे दिसला नाही.

मागून चाचा आले. "हाँ, राब," ते म्हणाले.

आत्या ताडकन उभी राहिली. "काय म्हनालात?"

"राब। राब जलाया है।"

मी पुस्तकातली हिंदी शिकले होते. मला माहीत होतं, हिंदीत राब म्हणजे काकवी. मी चाचांना तसं विचारलंही. ते म्हणाले, बरोबर, बाकी सगळे काकवीलाच राब म्हणतात आणि म्हणून गावात आम्हाला हसतात, की हे लोक काकवी जाळतात. "हमारी दादी करवाती थी। वही बोलती थी राब। दादा बोलते थे, अच्छा-भला पत्ता क्यों जलाती है? वो किसी की नहीं सुनती थी।"

आता आत्याला कोण थांबवणार? कुठल्या गावची? चाचांना माहीत नव्हतं. दादी एवढंच म्हणायची, घाटाच्या खाली. ठाण्याच्या जेलातून तिला जहाजात चढवलं होतं. गावाचं नाव विचारलं की म्हणायची, तो गाव मेला.

"केलं काय तिनं?"

चाचांनी पुतणीकडे पाहिलं. तिनं मान हलवली, सांगा म्हणून. मग ते खुर्चीवर बसले आणि सावकाश बोलू लागले.

त्यांना पहिला मुलगा झाला तेव्हा दादी जिवंत होती, घरातच होती. सगळ्यांनी मूल पाहिलं, हातात घेतलं. दादी घेईना. दारातून बघायची आणि जायची. चाचा तेव्हा तरुण. त्यांना राग आला. म्हणाले, माझ्या मुलात काय खोट आहे? तेव्हा दादीनं त्यांना अंगणात नेलं आणि सांगितलं. तरुणपणी नवरा गेला होता. त्यानंतर कुणापासून तरी दिवस गेले. कुणापासून ते तिनं सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. मूल झालं, ते तिनं विहिरीत टाकलं. गावानंच पोलीस आणले. इथे आल्यावर तिला चार मुलं झाली, पण एकालाही तिनं स्वतःच्या हातानं पाणी घातलं नाही. "कहती थी, मेरे हाथ में बच्चा और पानी साथ नहीं देना।"

शेजारीण जमिनीकडे बघत होती. हे तिलाही नीट माहीत नव्हतं, असं तिच्या चेहऱ्यावरून वाटलं. एवढ्या दिवसांत ती दारात उभी राहून काय बघत होती, याचा विचार माझ्या मनात आला.

आत्यानं मग जे विचारलं ते मला अजिबात अपेक्षित नव्हतं. "मग लगीन कसं झालं तिचं?"

चाचा हसले, बहुतेक सुटल्यासारखे. बायकांचा तुरुंग वेगळा होता, ते म्हणाले. काही वर्षं नीट वागलं की बाईला लग्नाची परवानगी. पुरुष कैद्यांत ज्यांना तिकीट मिळालं, म्हणजे जमीन कसून स्वतःचं पोट भरायची मोकळीक, ते तिथे यायचे. बायका ओळीनं उभ्या राहायच्या. पुरुषानं पसंत करायची, मग अधिकारी बाईला विचारायचा.

"बाईला इचारायचा?"

"हाँ। ना बोल सकती थी। दादी ने दो को ना बोला।"

"आनि तिसऱ्याला?"

"तीसरा हमारा दादा। उससे पूछा, बैल हैं? दादा बोला, जोड़ी है। तो आ गई।" जात कुठली, ते कुणी विचारलं नाही, त्यांनी पुढे सांगितलं. विचारून उपयोगही नव्हता. सगळ्यांचीच समुद्रात बुडाली होती.

चाचींनी आम्हाला भात आणि नारळाच्या रसातली मासळी वाढली. आत्या जेवली, चाचींच्या सुनेला बाळंतिणीच्या खाण्यावरून चार गोष्टी सांगितल्या, बियाण्याचा तांदूळ हातात घेऊन पाहिला. पण ती नेहमीसारखी नव्हती.

परतताना शेजारणीनं आम्हाला वाटेत उतरवलं. रस्त्याला लागूनच किनारा होता, नारळांच्या रांगेमागे पांढरी वाळू. दुपार कलली होती. दोन-चार मुलं पाण्यात डुंबत होती, बाकी कुणी नाही. शेजारीण शहाळी आणायला गेली. आत्या पाण्याच्या काठाला पाय पसरून बसली. लाट यायची, तिच्या घोट्यांवरून वाळू ओढून न्यायची. आपण बसलोय तिथली जमीन खालून सरकते, याचं तिला फार नवल वाटलं. ती पुन्हा पुन्हा टाचा रोवून बघत होती.

"खून केलेल्या बाईला इचारलं गं त्यांनी," ती अचानक म्हणाली. "हवा का नको म्हनून."

मी तिच्याजवळ सरकले.

"मी अठरा-एकोनीस वर्सांची असंन. माझ्या म्होरं कोन हुबा केला असता आनि बोलले असते, इचार काय इचारायचं ते, तर मी काय इचारलं असतं?"

"काय विचारलं असतंस?"

ती खरोखर विचार करू लागली. डोळे बारीक करून समुद्राकडे बघत होती. एक लाट आली, गेली. "सासू किती वर्सांची हाय ते," ती म्हणाली.

आम्ही दोघी इतक्या हसलो की शहाळी घेऊन येणारी शेजारीण लांबूनच विचारू लागली, काय झालं, काय झालं. आत्यानं तिला सांगितलं. मग ती पण वाळूत बसून हसली. आणि हसता हसता रडायला लागली. आत्यानं तिचं डोकं खांद्यावर घेतलं, आणि पहिल्यांदाच काही न विचारता बसून राहिली.

आम्ही पावसाळ्यात परतलो. कडावला बायकांची रीघ लागली. सगळ्यांना जेल ऐकायची होती. आत्या जेल थोडक्यात सांगायची आणि त्या बाईवर यायची. माझ्या वडिलांना ते आवडलं नाही. "पोरीबाळींम्होरं कशाला असलं?" ते म्हणाले. आत्या म्हणाली, "पोरीबाळींनाच सांगायचं हाय." आणि सांगत राहिली.

तिनं शोधही घेतला. कुठे लग्नाला, बारशाला गेली की तिथल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाजवळ जाऊन बसायची. खालापूरकडे, नेरळकडे, घाटाच्या पायथ्याच्या वाड्यांवर. तुमच्या गावातून एक बाई काळ्या पाण्यावर गेलेली ऐकलीय का? कुणी ऐकलं नव्हतं. एका गावच्या म्हातारीनं तिलाच उलट विचारलं, "अशा बाईचं नाव कोन ठेवील गं?" दादानं पत्रातून समजावलं की राब तर सगळ्या ठाणे-कुलाब्यात भाजतात, बाई कुठलीही असेल, जव्हारची असेल, पेणची असेल. आत्यानं ते मला दोनदा वाचायला लावलं. "असंल," ती म्हणाली. "पन इथली नाय असं तरी कोन सांगतं?" हळूहळू तिनं विचारणं सोडलं. मला नोकरी लागली, माझं लग्न झालं. दादा अंदमानातून बदलून आला.

आणि मग ऐंशीनंतर कधीतरी अंदमानातली ती शेजारीण कडावला आली. नवऱ्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन मुंबईत झालं होतं. त्याला नातेवाइकांकडे ठेवून ती आली होती. मी कर्जतला तिला उतरवून घेतलं. टेंपोतून येताना ती एकीकडे माथेरानचा डोंगर बघत होती, दुसरीकडे भातलावणी. मग तिनं मला विचारलं, "समुंदर किधर है?"

इथे समुद्र नाही म्हटल्यावर तिला पटेना. तिच्या घरात सांगतात त्यात परदादीच्या गावाला पाणीच पाणी होतं. ते खाचरातलं पाणी असेल, हे तिच्या लक्षात चिखलात उतरल्यावर आलं. आत्यानं तिला लुगडं नेसवून थेट लावणीला नेलं होतं. तिचा हात आमच्यापेक्षा जलद चालत होता, पण रोपं ती फार जवळ जवळ लावत होती, आणि आत्या मागून ओरडत होती.

संध्याकाळी आमच्या ओट्यावर गावातल्या बायका जमल्या. ज्यांनी इतकी वर्षं तिच्या परदादीची गोष्ट ऐकली होती त्या सगळ्या. पण ती समोर बसल्यावर कुणाच्या तोंडून शब्द फुटेना. एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. शेवटी एकीनं विचारलं, "तिकडं भाजी कंची मिळते?"

ती सांगू लागली. मग दुसरीनं पावसाचं विचारलं, तिसरीनं मासळीचं. चौथी, जी कधीच कुणाशी फारसं बोलत नसे, पुढे सरकली आणि तिच्या कानाशी हळूच, बहुतेक त्या परदादीबद्दलच, काहीतरी बोलली. शेजारणीनं मान हलवून तिला हळूच उत्तर दिलं. तिची हिंदी बायकांना जिथे कळत नव्हती तिथे आत्या तिच्या वतीनं मराठीतून सांगत होती, आणि त्यात स्वतःच्या पदरचंही थोडं घालत होती.